वाद्य कोणाच्या हाती द्यावे?

पावसाळा सरला की पेण-रोहा पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांत दोन कामे हमखास निघतात. एक घरावरच्या कौलांचे आणि दुसरे मंडळाच्या वाद्यांचे. पावसात बाहेरगावचे कार्यक्रम बंद असतात. पेटी, ढोलकी, बेंजो, एकतारी, जे काही मंडळाच्या मालकीचे असेल ते विहाराच्या कपाटात, नाही तर एखाद्या कार्यकर्त्याच्या माळ्यावर पडून राहते. धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला, तालमी सुरू करायच्या म्हणून ते खाली काढावे, तर तारा गंजलेल्या, घोडी सरकलेली आणि बेंजोची बटणे एकदा दाबली की वर यायला तयार नाहीत! ढोलकीचे त्यातल्या त्यात बरे असते. पुडी चढवून देणारा, वादी ओढून देणारा माणूस विचारपूस केली की मिळून जातो. तारेच्या वाद्याचा जाणकार मात्र चटकन सापडत नाही. सापडला तरी तो खरा जाणकार आहे की नुसता दुकानदार, हे ओळखायचे कसे?

वाचक बंधू-भगिनींनो, गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारला, की आजचे सदर त्यालाच द्यावे असे आम्ही ठरवले. प्रश्न वरवर लहान दिसतो. पण ज्या वाद्यासाठी वस्तीने घरटी वर्गणी काढलेली असते, किंवा ज्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर गाणी म्हटलेली असतात, ते परक्याच्या हाती देताना पोटात गोळा येतोच. त्यात आपली माणसे रोजावर जाणारी. कारखान्यात, गोदीत, बांधकामावर, नाही तर कोणाच्या घरी कामाला. दुकानाच्या चार खेपा म्हणजे चार खाडे.

आमच्याच मंडळाचा अनुभव सांगतो. मागे मंडळाचा बेंजो एका मोठ्या शहरातल्या दुकानात दुरुस्तीला दिला होता. दुकान झगमगीत, काचेच्या कपाटांतून नवी वाद्ये मांडलेली. मालकाने वाद्याची पेटी उघडूनही पाहिली नाही. "ठेवून जा, पंधरा दिवसांनी या," एवढेच बोलला. पंधराचे पंचेचाळीस झाले. वाद्य हाती आले तेव्हा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारा मूळचा पिकअप गायब, त्या जागी दुसराच हलका बसवलेला! जुना परत मागितला तर म्हणे फेकून दिला. पावती मागितली तर म्हणे आमच्याकडे तशी पद्धत नाही. मंडळाचा हिशेब आम्हीच लिहितो. खर्चाच्या वहीत रक्कम लिहिता आली, पण त्या रकमेत नेमके काय दुरुस्त झाले, हे काही लिहिता आले नाही. वर्गणी देणाऱ्या मायबहिणींना काय उत्तर द्यायचे?

तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती गोळा करू लागलो. कारागिरांशी बोललो, वाजवणाऱ्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, आपले वाद्य आपल्याला माहीत हवे. बेंजोचेच घ्या. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणे लावून एक तंतुवाद्य तयार केले. त्याला तिकडे ताइशोगोतो म्हणतात. तेच पुढे आपल्या देशात येऊन बुलबुल तरंग झाले, विजेवर चढले आणि मुंबई-कोकणात बेंजो या नावाने वरातीत, मिरवणुकीत आणि गायन पार्ट्यांत जाऊन बसले. अमेरिकेतला गोल, कातडे ताणलेला बॅन्जो हे निराळेच वाद्य आहे. म्हणून शहरातल्या दुकानात फोन करताना "बटणांचा बेंजो, बुलबुल तरंग" असे स्पष्ट सांगावे. नाही तर ते हो म्हणतात, आपण वाद्य उचलून नेतो आणि तिथे गेल्यावर कळते की त्यांच्या मनात भलतेच वाद्य होते!

दुसरी गोष्ट, घरी होणारे काम दुकानात नेऊ नये. तार तुटली तर जुनी तार कागदात गुंडाळून, कोणत्या जागेची ते लिहून ठेवावी आणि तेवढ्याच जाडीची तार आणावी. जाड तार चढवली की आवाज मोठा येईल हा गैरसमज आहे. तिचा ताण घोडीवर आणि खुंट्यांवर येतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात. एक तर हाताचा घाम, त्यात आपल्याकडची खाडीची दमट हवा. पेणकडच्या मिठागरांच्या बाजूला राहणाऱ्यांना लोखंड किती लवकर गंजते ते सांगायला नको. लाकडी खुंटी सैल पडून फिरत असेल तर तिला खडू घासावा. बेंजोची बटणे अडकली तर कोरड्या ब्रशने धूळ काढावी. खोबरेल तेल अजिबात सोडू नये, कारण तेलावर धूळ बसून चिकटा होतो आणि दुप्पट काम निघते. वाद्य बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा थोड्या उतरवाव्यात. व्हायोलिनच्या सगळ्या तारा मात्र एकदम सोडू नयेत, कारण तारांच्या दाबावरच त्याची घोडी आणि आतली उभी काठी जागेवर राहते. टेम्पोतून जाताना वाद्य उन्हात तापू देऊ नये. उन्हाने भोपळा तडकतो, सांधे उकलतात.

एवढे आपले काम. भोपळ्याची चीर, वाकलेली दांडी, उकललेला सांधा, व्हायोलिनच्या आतली पडलेली काठी आणि जवारी ही कामे मात्र जाणत्या हातांचीच. सतारीची किंवा तानपुऱ्याची तार ज्या रुंद घोडीवर टेकते, तिचा पृष्ठभाग अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर हलके स्पर्श करीत थरथरते, म्हणून तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. त्यालाच जवारी म्हणतात. वर्षानुवर्षे वाजवून तारेचे चरे घोडीवर पडतात आणि आवाज बसतो. ते चरे कानसीने घासून पुन्हा तसाच उतार आणायचा, हे डोळ्यापेक्षा कानाचे काम आहे. एक कानस जास्त बसली तर गेली जवारी! शेजारचा सुतार कितीही चांगला असला तरी हे त्याच्याकडे नेऊ नये. तो प्रामाणिकपणे पक्की चिकटवण लावून सांधा कायमचा बंद करून टाकेल. पण वाद्याचा सांधा पुढे कधी तरी पुन्हा खोलावा लागतो. तेव्हा पुढचा कारागीर हात टेकतो.

मग जाणता हात म्हणजे कसा? आपल्या महाराष्ट्रात याचे उत्तर मिरजेत आहे. सांगली जिल्ह्यातल्या या गावी सतार आणि तानपुरे बनवणाऱ्यांची एक गल्लीच आहे. तिला सतारमेकर गल्ली म्हणतात. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी आणि शस्त्रे घडवणारे, त्यांना धार लावणारे. राजवट बदलली, तलवारीचे काम गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या कारागिराने हाताचे तेच कसब वाद्यांकडे वळवले असे मानले जाते. ज्यांच्या बापजाद्यांच्या पोटावर काळाने पाय दिला, त्यांनी नवी कला शिकून गावाचे नाव देशभर नेले. हे आपण नीट समजून घ्यावे, कारण बापजाद्यांचे काम सुटून नवे काम शिकावे लागणे आपल्यालाही ठाऊक आहे. त्यांच्या वाद्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, शेतकऱ्याने वाळवलेला. लाकूड वापरतात तूणाचे. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872-1937) मिरजेत राहिले. ते स्वतःही वाद्यदुरुस्तीत तरबेज होते. एवढ्या मोठ्या गवयाला कानस हातात धरण्यात कमीपणा वाटला नाही, हे विसरू नये. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, पेण-रोह्याच्या माणसाने मिरज गाठायची कशी? प्रत्येक बेंजोसाठी तिथे जाणे परवडणारे नाही, हे आम्हालाही कळते. तिथला कारागीर वागतो कसा, हे मात्र समजून घेतले तर तीच फूटपट्टी आपल्या जवळच्या दुकानाला लावता येईल.

रोहा तालुक्यातल्या एका आजींची गोष्ट सांगतो. त्यांच्या घरी भिंतीवर सासऱ्यांची एकतारी होती. सासरे गावोगाव गाणी म्हणत हिंडलेले. त्या काळी माईक नव्हता. एक एकतारी, एक ढोलकी, झांज आणि खणखणीत गळा, एवढ्या भांडवलावर त्या माणसांनी वस्त्या जाग्या केल्या. आता पणतूला ती एकतारी वाजवायची होती. भोपळ्याला चीर, तार गंजून तुटलेली. जवळच्या एका दुकानात दाखवली तर उत्तर मिळाले, "फेकून द्या आजी, नवी घ्या." आजी काही न बोलता घरी परतल्या. पुढे त्यांचा नातू कामानिमित्त मिरजेकडे जाणार होता, तो ती बरोबर घेऊन गेला. तिथल्या वयस्कर कारागिराने आधी भाव सांगितला नाही. भोपळा उजेडाकडे धरला, नखाने चार ठिकाणी वाजवून पाहिला, चीर कुठवर गेली ते नातवाला बोटाने दाखवले. मग म्हणाले, "भोपळा जुनाच राहू द्या. आतून कापडाची पट्टी सरसाने बसवतो. तार नवी लागेल. दांडी ठणठणीत आहे, तिला मी हात लावत नाही." नातवाला वाटले, आलोच आहोत तर पॉलिशही करून घ्यावे. त्यावर कारागीर म्हणाले, "दांडीवर वाजवणाऱ्याच्या अंगठ्याची झीज आहे. पॉलिशला घासले की ती जाईल. घरी विचारा, मग सांगा." नातवाने तिथूनच फोन लावला. आजी म्हणाल्या, "खूण राहू दे बाबा."

मंडळी, त्या कारागिराला दोन पैसे जास्त मिळत होते. गिऱ्हाईक स्वतःहून द्यायला तयार होते. तरी त्यांनी काम वाढवले नाही आणि विचारल्याशिवाय वाद्याला हात लावला नाही. विश्वासाचे दुकान आम्ही यालाच म्हणतो. पाटी किती मोठी आहे, काचा किती आहेत, याच्याशी त्याचा संबंध नाही.

यातून आम्ही काही कसोट्या काढल्या आहेत. कारागीर वाद्य उघडून पाहतो आणि मग भाव सांगतो. काय करायचे याबरोबर काय करायची गरज नाही हेही सांगतो. वाजवणारा कोण, गाणारा कोणत्या पट्टीत गातो, काळी एक की पांढरी चार, हे विचारतो, कारण तारा त्या हिशेबाने चढवायच्या असतात. एखादे काम येत नसेल तर "हे माझे नव्हे, अमक्याकडे न्या" म्हणायला त्याला संकोच वाटत नाही. परत देताना तो स्वतः वाजवून दाखवतो आणि आपल्यालाही वाजवायला लावतो.

असा माणूस शोधताना "चांगला कोण?" असे विचारू नका. त्याला प्रत्येक जण कोणाचे तरी नाव सांगतो. भजनी मंडळे, बेंजो पार्ट्या, शाळेतले संगीत शिक्षक, क्लास घेणारे, यांना गाठून विचारा, "तुमचे वाद्य दुसऱ्यांदा कोणाकडे नेलेत?" पहिल्यांदा माणूस कुठेही जातो, दुसऱ्यांदा जातो तो अनुभवाने. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा, एकाच रेल्वेवरची ही गावे. एका गावाला माणूस ठाऊक असेल तर दुसऱ्या गावाला का नसावा? नाव कळले की आधी लहान काम द्यावे. एक तारेचा संच बदलून घ्यावा, एक खुंटी बसवून घ्यावी. त्यात माणूस कळतो. मग मोठे काम द्यावे.

वाद्य देताना कागद हवाच. देण्यापूर्वी मोबाइलवर समोरून, मागून आणि आतून फोटो काढा. पावतीवर तारीख, वाद्याचे वर्णन, करायचे काम, बदलायचे भाग, अंदाजे खर्च, दिलेली उचल आणि परतीची तारीख लिहून घ्या. छापील पावती नसेल तर वहीच्या पानावर लिहून दोघांनी सही करावी. खर्च अंदाजापेक्षा वाढणार असेल तर आधी कळवावे, हेही त्यातच लिहावे. काढलेले जुने भाग परत मागावेत. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही, उलट त्याचाही बचाव होतो. खर्चाबाबत आमचा ठोकताळा असा : बाजारात सहज मिळणाऱ्या वाद्याच्या दुरुस्तीला नव्याच्या निम्म्याहून अधिक लागत असतील तर मंडळाने बैठक घेऊन विचार करावा. वडिलोपार्जित वाद्याला मात्र हा हिशेब लावू नये.

आपल्या मुलांविषयीही दोन शब्द सांगतो. हल्ली वस्तीतली मुले-मुली गिटार, व्हायोलिन मागतात. आईबाप म्हणतात, हे आपले नव्हे, मोडले तर कोण दुरुस्त करणार? बाबासाहेब आयुष्याच्या उत्तरार्धात, एवढ्या कामाच्या रगाड्यात आणि ढासळत्या प्रकृतीत, व्हायोलिन शिकत होते. त्यांचे व्हायोलिन पुण्यातल्या सिम्बायोसिसच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात जपून ठेवले आहे. मुलांना घेऊन जरूर पाहून यावे. पाश्चात्त्य वाद्यांचे जाणकार मुंबईत मिळतात. धोबीतलावचे फुर्टाडोज तर 1865 पासूनचे आहे. दुकान जुने असो की नवे, वरच्या कसोट्या सगळीकडे लावाव्यात आणि ताठ मानेने लावाव्यात. "तुम्हाला कशाला हवे?" असे कोणी नजरेने जरी विचारले, तरी तिथून निघावे. आपला पैसा घामाचा आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या बाजूची. विश्वास एकीकडून चालत नाही. जवारी लावायला कारागिराचा अर्धा दिवस जातो आणि हातात दाखवायला नवा भाग काहीच नसतो. मग आपण म्हणतो, "नुसते घासायचे एवढे पैसे?" रोज बुडाला की काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याच्या रोजावर घासाघीस करावी काय? वाद्य टेम्पोतून पडले असेल तर पडले म्हणून सांगावे, लपवू नये. 12 एप्रिलला वाद्य नेऊन 14 ला हवे म्हणून हटून बसू नये. काम झाल्याचा निरोप आला की पैसे घेऊन जावे, सहा महिने त्याच्या दुकानात अडगळ करून ठेवू नये. दुरुस्तीपेक्षा नवे विकण्यात दुकानदाराला फायदा जास्त असतो. दुरुस्तीवर पोट भरणाऱ्याला आपण काम दिले नाही, दाम दिले नाही, तर त्याची मुले हा धंदा कशाला धरतील? मग आपल्या नातवंडांनी पेण-रोह्यात कितीही शोधले तरी माणूस सापडणार नाही.

म्हणून आमची एक विनंती आहे. ज्यांना आपल्या भागातला तारेच्या वाद्यांचा भरवशाचा कारागीर ठाऊक आहे, त्यांनी त्याची परवानगी घेऊन आम्हाला पत्राने कळवावे. नाव, गाव, कोणते वाद्य करतो आणि आपण त्याच्याकडे दुसऱ्यांदा गेला होता काय, एवढे लिहावे. आलेली नावे आम्ही तीन-चार मंडळांकडून पडताळून घेऊ आणि मगच वहीत उतरवू. त्या वहीची एक प्रत पेणला आणि एक रोह्याला विहारात राहील. ज्याला लागेल त्याने येऊन पाहावी.

तालमी सुरू होण्याआधी एकदा माळ्यावरचे वाद्य खाली काढून पाहा.

कळावे. जयभीम!